तुम्ही भरलेली शेवटची काडतुसं

अहो स्वातीचे बाबा,

तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. लग्न ठरलं तेव्हा तुम्ही पांढुर्ण्याचे आणि मी जाम नदीच्या पलीकडची, सावरगावची. लिहिलं असतं तर पोस्टमनने ते सरळ आमच्या बाबांच्या हातात नेऊन दिलं असतं. आणि लग्नानंतर तुम्ही सौंसरची शाळा सोडून कुठे गेलाच नाहीत. मग लिहायचं कोणाला, स्वयंपाकघरातून बैठकीत?

आज लिहायला बसले, कारण काल तुमची राइफल रेंजवर चालली. तुम्ही हाताने भरलेल्या शेवटच्या डब्यातल्या काडतुसांनी चालली. तिथे काय झालं ते मला कोणाला तरी सांगायचं आहे. स्वाती तिथेच होती, तिला काय सांगणार! शेजारच्या काकूंकडे विषय काढला तर त्या म्हणाल्या, "अवं माय, सकाळी सकाळी बंदुकीचं नाव कायले काढता!" म्हणून तुम्हालाच सांगते. घाई करू नका, मी क्रमाने सांगणार आहे.

तुमचा हात बिघडला होता की नव्हता, हे काल ठरायचं होतं. मला दुसऱ्या कशाशी घेणंदेणं नव्हतं. राइफल घरात राहो की परत ठाण्यात जमा होवो. ज्या गोष्टीचं दुःख घेऊन तुम्ही गेलात ती खरी होती का, एवढंच मला कळायला हवं होतं.

ती सकाळ तुम्ही विसरला नसालच. मी काही तिथे नव्हते, पण स्वातीकडून इतक्यांदा ऐकली आहे की स्वतः पाहिल्यासारखी वाटते. दिवाळी होऊन थोडेच दिवस झाले होते. बोरगावच्या पुढे क्लबची रेंज आहे तिथे तुम्ही नवा भरलेला डबा घेऊन गेलात. राइफल मामंजींची. एकदा घोडा ओढला की रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि मॅगझिनमधली पुढची गोळी आपली आपण चढवून घेते. त्या दिवशी ती चढवेना. एखाद-दुसरी गोळी सुटली की पुढची अर्ध्यात अडकायची आणि मागून तिला ढकलणारा बोल्ट तिच्या नाकावर जाऊन आपटायचा. ओढा, काढा, पुन्हा घाला. ज्या सुटल्या त्याही कागदभर विखुरलेल्या, दोन भोकं म्हणून जवळ नव्हती.

धोटे भाऊजी तुमच्या मागे उभे होते. शाळेपासूनचा मित्र, फौजेतून आल्यावर तीच रेंज सांभाळणारा. अडकलेलं काडतूस काढताना तुमची बोटं थरथरली ती त्यांनी पाहिली आणि म्हणाले, "मास्तर, हात थरथरून राहिला तुया. भरनं बंद कर आता. एखाद दिवशी बारूद कमी-जास्त होईन, अन् तोंडावर फुटन."

म्हणाले ते काळजीपोटीच. पण क्लबचे झाडून सगळे लोक होते हो तिथे!

तुम्ही घरी आलात, राइफलची नळी नेहमीसारखी पुसलीत, ती पेटीत ठेवलीत, उरलेली काडतुसं पुन्हा पुन्हा तपासलीत आणि मग भरायचं सगळं सामान उचलून माळ्यावर टाकलंत. काटा, ते दाबायचं यंत्र, बारुदाचं माप, सगळं. मी विचारलं तर म्हणालात, "झालं आता, कुसुम." जेवायला बसलात आणि वरण चांगलं झालं आहे म्हणालात. त्या दिवशी वरणात मीठ नव्हतं.

खरं सांगू? आधी मला बरंच वाटलं. जेवायचं टेबल मोकळं झालं! किती वर्षं ते टेबल तुम्ही अडवून ठेवलं होतं. त्या जुन्या बोअरची काडतुसं बाजारात मिळेनाशी झाली आणि तुम्ही हाताने भरायची रीतसर परवानगी काढून आणलीत, तेव्हापासून. मे महिन्यात सौंसरचं ऊन अंगाची लाही करतं, आणि तुम्ही पंखा बंद करायचे. का, तर काटा हलतो. मी गवार मोडायला समोर बसले तर तेही चालायचं नाही, टेबल हलतं म्हणून. एकदा मी चिडून म्हटलं होतं, "राइफल आपली आपण भरून घेते म्हणता, मग तुम्ही दिवसभर काय भरत बसता?" मान वर न करता तुम्ही म्हणालात, "तिले फक्त चढवता येते. भरनं माणसालेच लागते."

पण मग हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं. तुम्ही चारचौघांत चहाचा कप उचलणं सोडलंत. कोणाकडे गेलो की "चहा सोडला मी" असं सांगायचे आणि घरी आल्यावर दोन कप प्यायचे. धोटे भाऊजी आले की तुम्ही आतल्या खोलीत जाऊन पडायचे. ते बाहेर ओट्यावर थोडा वेळ बसायचे, माझ्याशी संत्र्याच्या बहाराचं बोलायचे आणि उठून जायचे. पुढे पुढे त्यांनी येणंच सोडलं. लोक म्हणायचे, मास्तर रुसले. मीही तसंच समजायचे, पुष्कळ दिवस.

उन्हाळ्यात एका सकाळी तुमच्या छातीत दुखलं आणि दुपारी तुम्ही नव्हता. एवढी कसली घाई होती? मला एकदा नीट भांडू तरी द्यायचं. "हात गेला म्हणता, मग डॉक्टरला का दाखवत नाही?" हा प्रश्न माझ्या तोंडात तसाच राहिला. दाखवायला माणूस घाबरतो ते मला कळतं. तुम्ही घाबरलात हे मात्र मला पटत नाही.

राइफल आणि काडतुसांचा डबा नियमाप्रमाणे ठाण्यात जमा झाला. स्वातीने वारस म्हणून लायसन्सचा अर्ज केला. फाइल कुठे कुठे फिरली ते सांगत नाही, तुमचं डोकं तापेल. ती पांढुर्ण्याच्या बँकेतली नोकरी सांभाळून हेलपाटे घालत राहिली. शेवटी लायसन्स आलं आणि राइफल घरी आली. पेटी उघडली तर तुम्ही नळीला लावायचात त्या तेलाचा वास आला. मी उठून स्वयंपाकघरात गेले.

स्वाती म्हणाली, "आई, बाबांनी भरलेल्या काडतुसांनी टेस्ट करते मी. नेम किती धरते ते पाहाचं आहे, अन् अडकते का तेही."

मी धोटे भाऊजींना फोन केला. ते म्हणाले, "वहिनी, माहं ऐकसान तर तो डबा नष्ट करून टाका. मास्तरची आठवण हाय, मान्य. पण भरोसा नाही त्या मालाचा."

"मालाचा का हाताचा?" मी विचारलं.

ते म्हणाले, "या रविवारी. मी तिथंच राहीन."

म्हणून काल मी आयुष्यात पहिल्यांदा रेंजवर गेले. इतकी वर्षं तुम्ही बोलवायचे आणि मी म्हणायचे, "आमच्या सावरगावने पांढुर्ण्याचा नेम पाहिलेला आहे, दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत त्यांचे दगड खाऊन पाहतो, पुरे झाला." काल गेले. पदरावरून ते कानाचं झाकण लावलं तर स्वाती हसायला लागली. फोटो काढू दिला नाही मी.

भाऊजींनी आधी डब्यातलं एकेक काडतूस हातात घेऊन उजेडात पाहिलं. कुठे गंज नाही, चीर नाही, बुडाची टोपी दबलेली नाही. मापाला लावून पाहिली, सगळी सारखी. त्यांचा चेहरा मात्र तसाच होता. पहिली गोळी कोणी खांद्याला लावून झाडायची नाही म्हणाले. राइफल वाळूच्या पोत्यांमध्ये पक्की केली, आम्हाला भिंतीमागे उभं केलं आणि घोड्याला दोरी बांधून ओढली. मी डोळे मिटले होते. आवाज झाला. भाऊजींनी पुंगळी उचलून उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "ठीक हाय. चालू दे, पोरी."

स्वाती बसली. तुमच्यासारखीच बसते ती, डावा पाय थोडा बाहेर काढून. आधी नेमाची परीक्षा. मॅगझिन बाजूला ठेवून एकेक काडतूस हाताने घालायचं, एकेक झाडायचं. पाच झाले. भाऊजी दुर्बिणीतून पाहत होते. त्यांनी दुर्बीण खाली केली, काच पुसली, पुन्हा लावली. मग टार्गेट आणायला स्वतः चालत गेले.

अहो, पाचही भोकं माझ्या जोडव्याच्या घेरात मावतील इतकी जवळ! मला नेमातलं काही कळत नाही, पण एवढं मलाही कळलं. स्वाती म्हणाली, "काका, बारूद कमी-जास्त असता तर असा ग्रुप आला असता का?"

"नसता आला," भाऊजी म्हणाले. "पन अजून मॅगझिन बाकी हाय. अडकत होती ते मॅगझिनमधून."

मला त्यांचा इतका राग आला! पण खरं होतं. तुम्हीच म्हणायचे ना, नेम धरते पण अडकते अशी राइफल भिंतीवर टांगायच्या कामाची.

स्वातीने मॅगझिन भरलं. पहिली गोळी गेली. दुसरी गेली. तिसरी अडकली.

अगदी त्या दिवसासारखी. अर्ध्यात, नाकावर ठोका बसलेली. स्वातीने ती काढली, पुन्हा बोल्ट ओढला, पुढचीही अडकली. क्लबचे जुने दोघे-तिघे बाकावर होते, तेही जमिनीकडे पाहायला लागले. मी तिथे उभ्या उभ्या मनात तुमच्याशी भांडायला सुरुवात केली. म्हटलं, दाखवायचं होतं ना डॉक्टरला, गोळ्या घेतल्या असत्या, थरथर कमी झाली असती. म्हणजे बघा, मीसुद्धा मानलं. तेवढ्यापुरतं का होईना, मानलं.

पण पोरगी तुमची आहे. ती रडली नाही की काही नाही. पिशवीतून एक छोटी डबी काढली. कारखान्यात बनलेली काडतुसं, त्याच बोअरची, मोजकी. नागपूरच्या दुकानात महिनोन् महिने सांगून ठेवली होती म्हणे. तुम्ही होता तेव्हा एकही मिळत नव्हतं.

"काका, आता हे भरून पाहू. हे तर बाबांनी नाही भरलं."

तिने तेच मॅगझिन भरलं. पहिली गेली. दुसरी गेली. तिसरी अडकली.

भाऊजी म्हणाले, "थांब. हात नको लावू." आणि पुढे येऊन त्यांनी मॅगझिन बाहेर काढलं. रिकामं करून आत बोट घातलं, मधली पट्टी खाली दाबली आणि सोडली. ती वर येता येता अडली. पुन्हा दाबली, पुन्हा अडली. त्यांनी खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला, खालचं झाकण सरकवलं, स्प्रिंग बाहेर ओढली आणि मॅगझिन तळहातावर आपटलं.

एक तांदळाचा दाणा पडला. लाल.

"हे काय होय, वहिनी?"

मी ओळखला. अहो, मी नाही ओळखणार तर कोण! अक्षदा होती ती. आपल्या घरची, कुंकवात भिजवलेली, तेलकट होऊन चिकटलेली. पट्टीच्या आणि भिंतीच्या मध्ये पाचर बसावी तशी बसली होती. स्प्रिंग दाबलेली असेपर्यंत गोळ्या वर चढायच्या, जोर कमी झाला की पट्टी त्या दाण्यावर अडायची. भाऊजींनी मला असंच समजावलं. अडकलेल्या गोळीच्या नाकावर बोल्टचा ठोका बसला की ती वाकडी, मग तिचा नेम कसला!

दसरा आठवतो तुम्हाला तो? स्वाती आदल्या आठवड्यात भोपाळहून नेमबाजीचं पदक घेऊन आली होती. तुम्ही पाटावर नवं कापड अंथरून राइफल मांडलीत. पूजेलासुद्धा तुमचा नियम चालायचा, नळी रिकामी, मॅगझिन वेगळं, म्हणून मॅगझिन ताटात उभं ठेवलं होतं, तोंड वर करून. एरवी तुम्ही चिमटीने दोन दाणे वाहायचे. त्या दिवशी ओंजळ भरून घेतलीत आणि राइफलवर, पदकावर, स्वातीच्या डोक्यावर, जिथे हात पोचेल तिथे उधळलीत. मी म्हटलंसुद्धा, "लग्न लावून राहिले का?" तुम्ही हसलात. इतके मोकळे हसताना मी तुम्हाला कमी वेळा पाहिलं आहे.

म्हणजे तुमच्या आनंदानेच घात केला हो तुमचा!

आणि मॅगझिन का नाही उघडलंत? काडतुसं दहा वेळा तपासलीत. प्रत्येकाची लांबी मोजलीत, भरलेली फोडून बारूद पुन्हा तोललंत. मामंजींच्या राइफलवर मात्र संशय घेतला नाहीत. वडिलांची वस्तू चुकणार नाही, चुकलं तर आपलंच काही चुकलं असणार! असा कसा स्वभाव तुमचा? शाळेत मुलांना प्रयोग शिकवायचे, एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहा म्हणायचे. घरी कुठे गेलं ते सगळं?

भाऊजींनी मॅगझिन धुतलं, पुसलं, जोडलं. तुमच्या डब्यात उरलेली सगळी काडतुसं स्वातीने त्यातून चालवली. भरायची, झाडायची, पुन्हा भरायची. पुंगळ्या नुसत्या टपाटप उडत होत्या. एक अडकली नाही. शेवटची गेली तेव्हा बोल्ट उघडा राहिला आणि एकदम शांत झालं.

भाऊजी बाकावर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मला म्हणाले, "वहिनी, एक सांगा. मास्तर माह्यावर रागावूनच गेला का?"

मी काय सांगणार होते? खोटं सांगता आलं असतं. हो म्हटलं असतं तर त्यांनी मान खाली घालून सोसलं असतं, आणि तेच सोपं होतं. पण तुम्ही जायच्या थोडे दिवस आधी मी तुम्हाला म्हटलं होतं, धोट्यांनी सगळ्यांसमोर असं बोलायला नको होतं. तेव्हा तुम्ही काय म्हणालात ते मी त्यांना सांगितलं. जसंच्या तसं. "धोट्या आजवर माह्या तोंडावर खोटं बोलला नाही. तो म्हणते त हात गेलाच असन."

रागावला नव्हता तुम्ही. तुम्हाला लाज वाटत होती. मित्राने पाहिलं म्हणून त्याला तोंड दाखवत नव्हता.

भाऊजी उठले, टार्गेटचा कागद हातात घेतला आणि बाकावरच्या लोकांसमोर जाऊन उभे राहिले. परेडवर द्यावी तशी हाक दिली. म्हणाले, "ऐका बे सारे. मी इथंच म्हनलो होतो का मास्तरचा हात गेला म्हनून. मले थरथर दिसली, मी मॅगझिन खोलून पायलं नाही. फौजेत जिंदगी गेली माही, अन् पायलं नाही. मास्तरचा हात बरोबर होता. ज्याले ज्याले मी तवा सांगितलं, त्याले त्याले हे बी सांगा." आणि मग म्हातारा माणूस सगळ्यांसमोर ढसाढसा रडला. स्वातीने त्यांना धरलं. मी पण रडले, सांगून टाकते. कानाचं ते झाकण घालूनच रडले, काढायचं सुचलं नाही.

आज सकाळी स्वातीने माळ्यावरून तुमचं सामान उतरवलं. ती भरायला शिकणार आहे, परवानगीचा अर्जही करून झाला. शिकवायला धोटे भाऊजी येणार आहेत. मी त्यांना म्हटलं, ओट्यावर बसायचं नाही, आत टेबलाशी यायचं. दसऱ्याला यापुढे अक्षदा पेटीवर वाहायच्या, राइफल आत. हा नियम माझा, आणि तुम्हाला विचारून केलेला नाही.

तुमचा हात चहाच्या कपाशी थरथरायचा, हे खरंच. वय झालं होतं, त्यात लपवण्यासारखं काय होतं हो? ज्या कामात जीव ओतायचे तिथे तो शेवटच्या काडतुसापर्यंत स्थिर होता. हे तुम्ही असताना कळायला हवं होतं. नाही कळलं. त्याचं मला वाईट वाटतं आणि वाटत राहील, त्याला इलाज नाही.

तुम्हाला एक शब्द मात्र देते. तुमच्या हाताविषयी या घरात यापुढे कोणी हळू आवाजात बोलणार नाही.

तुमचीच,
कुसुम